कानाची तिप्पट आकाराची प्रतिकृती: हाडांपर्यंत बोलकी, पुढे मुकी

शरीररचना शिकवण्यासाठी तयार केलेली, सुट्या होणाऱ्या सहा भागांची ही प्लास्टिकची प्रतिकृती मी गेले वर्षभर वर्गात वापरत आहे. ध्वनी कर्णपाळीपासून श्रवणचेतेपर्यंत (मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेपर्यंत) कसा पोहोचतो हे तिच्या आधाराने समजावता येते का, एवढा एकच निकष मी या परीक्षणासाठी लावला आहे.

बाह्यकर्णाचे काम मनापासून केलेले आहे. कर्णनलिका सरळ बोगद्यासारखी न दाखवता तिचा मूळचा नागमोडी बाक राखला आहे. प्रौढ माणसात सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असणारी ही नलिका येथे पट्टीने मोजली असता साडेसात सेंटिमीटर भरते. कर्णपटलही सपाट चकतीसारखे नसून तिरके बसवलेले आहे आणि हातोडी या हाडाच्या दांड्याने आत ओढून धरल्यासारखे किंचित शंकूच्या आकाराचे आहे. स्वस्त प्रतिकृतींमध्ये हे क्वचितच आढळते.

हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे सुटी काढून हातात घेता येतात, आणि मध्यकर्णाची खरी गोम त्यांच्यातच आहे. हवेतून आलेला ध्वनी थेट अंतर्कर्णातील द्रवावर आदळला असता, तर त्याच्या ऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग आत शिरला असता आणि बाकीचा परतला असता. कर्णपटलाचे कंप पावणारे क्षेत्र रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट असल्यामुळे, आणि हाडांच्या तरफेमुळे त्यात आणखी सुमारे १.३ पटींची भर पडत असल्यामुळे, द्रवावरचा दाब २२ पटींच्या आसपास वाढतो. दुर्दैवाने हेच गणित प्रतिकृतीत दिसत नाही. प्रत्यक्षात रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर उंच असते, म्हणजे येथे ती १ सेंटिमीटरच्या आसपास हवी होती. हाताळायला सोपी जावी म्हणून ती सव्वादोन सेंटिमीटरची केली आहे. तिचा तळही त्याच प्रमाणात वाढल्यामुळे १७ पटींचा फरक डोळ्यांना तीन-चार पटींचाच भासतो, आणि सोबतच्या पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. (रिकिबीला ऐरणीशी जोडणारी खुंटी तिसऱ्याच महिन्यात झिजली, सध्या तो सांधा मेणावर टिकून आहे.)

माझी मुख्य तक्रार मात्र अंतर्कर्णाविषयी आहे. कर्णावर्त म्हणून जो शंख दिला आहे तो भरीव आहे. तो उघडत नाही, त्याचा छेद दाखवलेला नाही, त्यामुळे ऐकण्याची क्रिया जिथे खऱ्या अर्थाने घडते तिथेच प्रतिकृती गप्प होते. अडीचहून अधिक वेढे घेणाऱ्या या नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचे आधारपटल असते. ते तळाशी अरुंद व ताठ, तर टोकाकडे रुंद व सैल असल्यामुळे उंच पट्टीचे स्वर तळाजवळ आणि खर्जातले टोकाजवळ त्याला सर्वाधिक हलवतात. पटलावरून तळाकडून टोकाकडे सरकणाऱ्या या लाटेच्या शोधासाठी शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पटलावरील सुमारे साडेतीन हजार आतल्या रोमपेशी (केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) संदेश पाठवतात, तर त्यांच्या तिपटीहून अधिक असलेल्या बाहेरच्या रोमपेशी स्वतः आखडून-लांबून क्षीण कंपांना बळ देतात. मोठ्या आवाजाने एकदा मेलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे सांगताना बोट ठेवायला जागा हवी. येथे गुळगुळीत जांभळा रंग आहे.

गोल गवाक्ष, म्हणजे कर्णावर्ताच्या तळाशी असलेली पडद्याने झाकलेली खिडकी, तर गाळूनच टाकले आहे. "रिकिबीने आत ढकललेला द्रव जातो कुठे, सर?" असे एका विद्यार्थिनीने विचारले तेव्हा मला फळ्याकडे वळावे लागले. द्रव दाबला जात नाही. रिकीब आत सरकते त्याच क्षणी गोल गवाक्षाचा पडदा बाहेर फुगतो म्हणूनच तिला हलता येते. पुस्तिकेने अर्धवर्तुळाकार नलिकांनाही "ऐकण्याचे अवयव" ठरवले आहे, जेव्हा त्यांचे काम तोल सांभाळण्याचे आहे.

बाह्य आणि मध्यकर्णापुरते शिकवायचे असेल तर ही प्रतिकृती खुशाल घ्यावी. पुढच्या भागासाठी मी आता ३५ सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला निमुळती कागदी पट्टी जवळ ठेवतो. ती आधी टेबलावर उलगडून स्वरांच्या जागा दाखवतो आणि मग रुंद टोक आत ठेवून गुंडाळतो.