संदर्भांसह मराठी पवित्र शास्त्र (बायबल): रोजच्या मननासाठी कोणती प्रत घ्यावी?

झिपवाली, सोनेरी कडांची छोटी प्रत भेट द्यायला देखणी. रोजच्या मननाला मात्र गैरसोयीची. अक्षर बारीक असतं आणि झिपच्या दात्यांत पानांचे कोपरे अडकून दुमडतात. त्यापेक्षा मध्यम आकाराची, समासात किंवा पानाच्या तळाशी संदर्भ, म्हणजे शास्त्रातल्याच संबंधित वचनांचे पत्ते, छापलेली प्रत घ्यावी. पैसे देण्याआधी लूक 10:27 (लूक या पुस्तकाचा 10वा अध्याय, 27वं वचन) उघडून बघा. तिथे लेवीय 19:18 आणि अनुवाद 6:5 हे संदर्भ असतील तर प्रत कामाची.

संदर्भांसाठी एवढा आग्रह का? वर्षभरात शास्त्र वाचून काढायचा नेहमीचा हिशोब असा: सोमवार ते शनिवार रोज 3 अध्याय, रविवारी 5. आठवड्याला 23 होतात आणि 1189 अध्याय 52 आठवड्यांत बसतात. पण उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 संपेपर्यंत जानेवारी सरत येतो, पुढे लेवीयमधली होमार्पणं आणि अन्नार्पणं सुरू होतात, आणि बऱ्याच जणांची खूणफीत तिथेच मुक्काम करते. संदर्भाची प्रत याच पुस्तकात दुसऱ्या दाराने नेते. लूक 10 मधला चांगल्या शोमरोनीचा दाखला (येशूची बोधकथा) वाचताना 'शेजाऱ्यावर प्रीती कर' ही आज्ञा येते, आणि बारीक अक्षर बोट धरून लेवीय 19 मध्ये पोचवतं.

तिथे फक्त अठरावं वचन वाचून परतू नका. 9–10 मध्ये शेताच्या कडेचं पीक गरिबाला आणि परक्याला सोडायला सांगितलंय. रूथ 2 मध्ये रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती याच रीतीने. आता घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये शेताची कड कुठून आणणार? पण 13 व्या वचनाला शेत लागत नाही: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नये. घरकामाच्या ताईंना 'पगार सोमवारी देते हं' म्हणणाऱ्या घरासाठी त्या दिवसाचं मनन एवढं पुरे.

एका बैठकीत दोनच संदर्भ उघडावेत. सगळ्यांच्या मागे लागलं की नुसती पानं उलटली जातात, वाचन होत नाही. प्रत्येक ठिकाणी आधीची-नंतरची पाचेक वचनंही वाचावीत. सुटं वचन हवा तो अर्थ देतं.

ठाणे–वाशी लोकलमध्ये ऐन गर्दीत हे पुस्तक उघडणं अशक्य. खिशातला नवा करार (शास्त्राचा दुसरा भाग) बरा वाटतो, अगदी स्तोत्रं जोडलेला असला तरी. पण त्यात लेवीय नसतं आणि संदर्भ हवेतच राहतो. घरून निघताना ती दोन-चार वचनं चिठ्ठीवर लिहून घ्यावीत.

कागद पातळ असतो. जेल पेन मागच्या पानावर उमटतं. साधी पेन्सिल हलक्या हाताने वापरा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर ओल आत कोंडते, रेक्झिनला बुरशी येते. उघड्या फळीवर, भिंतीपासून थोडं लांब ठेवावं.

कॅथलिक वाचकांनी 66 ऐवजी 73 पुस्तकांची प्रत मागावी. दुकानात न विचारता बहुधा 66 वालीच हातात येते. बांधणी शिवलेली आहे का तेही पाहा. नुसती डिंकाने चिकटवलेली असेल तर रोजच्या उघडझापीत मधली पानं सुटतात, आणि स्तोत्रसंहिता नेमकी मध्यावर असते.