हनोईला जाणार असाल तर एक जेवण कोटोमध्ये कराच

व्हिएतनामला हल्ली आपली माणसं भरपूर जायला लागलीयेत, मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट झाल्यापासून तर जास्तच, आणि परत आल्यावर सगळे 'हा लाँग बे' या खाडीचे फोटो दाखवतात पण जेवलात कुठे विचारलं की टूरवाल्याने नेलं त्या इंडियन रेस्टॉरंटचं नाव सांगतात. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय. हनोईमध्ये वान मिएउ म्हणजे जे साहित्य मंदिर आहे ना, सगळ्या टूरमध्ये असतंच ते, त्याला लागून जो रस्ता जातो त्यावर कोटो नावाचं रेस्टॉरंट आहे. जेवण चांगलंच आहे, त्यावर येतोच, पण इथे तुम्हाला वाढणारी, मागे भाजी चिरणारी, बारमध्ये सरबत बनवणारी बरीचशी मुलं-मुली तिथे शिकायला आलेली असतात. गरीब घरची, अनाथ, रस्त्यावर राहिलेली, उत्तरेच्या डोंगरातल्या आदिवासी गावांतून आलेली, साधारण 16 ते 22 वयाची. दोन वर्षं राहून शिकतात, आणि आपण जे बिल भरतो त्यातून त्यांच्या शिक्षणाचा काही खर्च निघतो.

हे काढलं जिमी फाम नावाच्या माणसाने. आई व्हिएतनामी, वडील कोरियन, लहानपणीच कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. मोठा झाल्यावर टुरिझमच्या नोकरीत 1996 ला व्हिएतनामला परत आला तेव्हा रस्त्यावर नारळ विकणारी पोरं भेटली, त्यांना जेवायला घातलं, मग कपडे, मग भाडं, असं करत करत बरीच पोरं त्याच्याभोवती जमली. आता इथपर्यंत तुम्हाआम्हाला पण कधीतरी वाटतं की मदत करावी, आणि आपण करतोही थोडीफार. पण त्याच्या लक्षात आलं की मी पैसे देतोय तोवर ठीक, मी गेलो की ही पोरं पुन्हा तिथेच. त्यांना हवी होती नोकरी, आणि नोकरीसाठी हातात काहीतरी कसब पाहिजे. मग 1999 मध्ये हनोईत सँडविचचं छोटंसं दुकान टाकलं, रस्त्यावरची नऊ पोरं कामाला घेऊन. पुढच्याच वर्षी नोव्हेंबर 2000 मध्ये बिल क्लिंटन हनोईला आले होते, युद्ध संपल्यानंतर व्हिएतनामला गेलेले पहिले अमेरिकन अध्यक्ष, ते इथे येऊन गेले आणि नाव जगभर झालं. कोटो म्हणजे Know One, Teach One, तुला आलं की दुसऱ्याला शिकव. भिंतीवर लिहायला छान वाक्य आहे असं वाटेल पण ते टेबलावर चालू असलेलं दिसतं, म्हणून सांगतोय.

आमचं नाशिकला हॉटेल आहे. वडिलांनी काढलेलं, मिसळ आणि थाळी, मोठं काही नाही पण रोजची गर्दी असते, त्यामुळे कुठेही जेवायला गेलो की माझं लक्ष ताटाआधी पोरांकडे जातं, कोण कसा उभा आहे, फडका कुठे ठेवलाय, रिकामा ग्लास किती वेळाने दिसला. आपल्या धंद्यात नवीन पोऱ्या आला की त्याला शिकवतं कोण? कोणी नाही. पहिल्या दिवशी फडका हातात देतात आणि सांगतात बघ तो कसा करतो तसं कर. तो बिचारा बघून बघून शिकतो, चुकला की शिव्या खातो, आणि सहा महिन्यांत जरा हात बसला की पलीकडचा हजार रुपये जास्त देतो म्हणून निघून जातो. सगळ्या हॉटेलवाल्यांचं हेच रडगाणं आहे.

इथे काय बघितलं ते सांगतो. आमच्या टेबलावर एक मुलगी आली, अठरा एकोणीसची असेल, आणि तिच्या मागे दोन पावलांवर एक मुलगा उभा, वयाने थोडाच मोठा. ऑर्डर तिने घेतली. सगळी घेऊन झाल्यावर सावकाश पुन्हा वाचून दाखवली, शेंगदाणे चालतात का, मासे चालतात का, कोणाला कशाची अॅलर्जी आहे का हे प्रत्येकाला वेगळं विचारलं. इंग्रजी अडखळत होतं पण डोळ्यात बघून बोलत होती. एका ठिकाणी ती थांबली, शब्द आठवेना, तर मागचा मुलगा पुढे आला नाही. मी मुद्दाम बघत होतो. त्याने तिला वेळ दिला. तिला शब्द सापडला, तिने वाक्य पूर्ण केलं आणि मग त्याने फक्त मान हलवली. आमच्याकडचा कॅप्टन असता तर मधे पडून स्वतः ऑर्डर घेतली असती आणि आत जाऊन पोरीला झापलं असतं. शिकवणं म्हणजे काय ते मला त्या अर्ध्या मिनिटात दिसलं, बाकी रिव्ह्यू नाही वाचलात तरी चालेल पण हे वाचा.

बाकी सर्व्हिस पण नीट. ताटल्या उचलताना वाद्यं वाजल्यासारखा आवाज नाही, गरम डिश आली की आधी सांगणार गरम आहे, आईला खुर्ची सरकवून दिली आणि तिच्या बाजूने वाढलं. फक्त वेळ हातात ठेवून जा. शिकणारी मुलं आहेत, एकेक गोष्ट मनात उजळणी करून करतात, तासाभरात जेवून बस पकडायची असेल त्या दिवशी रस्त्यावरचा फो, म्हणजे तिथलं नूडल सूप, खा, इथे निवांत वेळ असेल तेव्हा या.

आता जेवण. बान सेओ घ्या, तांदळाच्या पिठात हळद आणि नारळाचं दूध घालून केलेलं, आपल्या घावनासारखंच पण कडा कुरकुरीत आणि आत कोळंबी, डुकराचं मांस आणि मोड आलेले मूग. ते तोडायचं, पाल्यात गुंडाळायचं आणि चटणीत बुडवून खायचं. ती मुलगी स्वतः एक गुंडाळून दाखवते कसं करायचं ते. दुसरं बुन चा, निखाऱ्यावर भाजलेलं पोर्क, आंबटगोड कोमट पाण्यात घालून देतात, सोबत तांदळाच्या शेवया आणि पाला, ही हनोईची स्वतःची डिश, तिथे दुपारच्या जेवणाला गल्लोगल्ली तीच असते. फुटपाथवर खाल्ली तर निखाऱ्याचा वास जास्त आणि मजा पण जास्त, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण इथली नीटनेटकी होती आणि पोर्क मऊ होतं. मला सगळ्यात आवडलं ते केळफुलाचं सॅलड. आपण केळफूल म्हटलं की रात्री ताकात भिजत घालून दुसऱ्या दिवशी काळे वाटाणे किंवा चणे घालून भाजी, आणि ते साफ करणं म्हणजे घरातल्या बायकांची अर्धी सकाळ. हे लोक ते कच्चंच बारीक कापून, लिंबाच्या पाण्यात टाकून पांढरं ठेवतात आणि वर शेंगदाण्याचं कूट, पुदिना, मिरची. आईने दोनदा मागवलं.

आई शुद्ध शाकाहारी आहे त्यामुळे हा मुद्दा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडच्या अर्ध्या लोकांना याचीच धास्ती असते. व्हिएतनाममध्ये नुओक माम म्हणजे माशाचं सॉस सगळीकडे असतं. भाजीत, सॅलडमध्ये, बुडवून खायच्या चटणीत, दिसत नाही आणि रंगावरून कळत पण नाही. नुसतं व्हेज सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी मांस काढून टाकतात आणि सॉस तसंच राहतं, त्यात त्यांची लबाडी नसते, त्यांच्या हिशोबात ते मीठच आहे. आन चाय म्हणायचं, बौद्ध लोक पौर्णिमा-अमावस्येला जे जेवतात ते, हे सगळ्यांना समजतं. कोटोमध्ये मुलांना हे शिकवलेलंच आहे, मुलीने स्वतःहून सांगितलं की या डिशमध्ये माशाचं सॉस असतं, तुमच्यासाठी सोया सॉसमध्ये करून देऊ, आणि मग आत जाऊन विचारून परत येऊन सांगितलं की हो होईल. टोफूच्या डिश, भाज्या घातलेले तळलेले रोल, भात, व्यवस्थित जेवण झालं आईचं.

दर फुटपाथपेक्षा दोन-तीन पट आहेत, पण हनोईतल्या कुठल्याही बऱ्या एसी रेस्टॉरंटइतकेच. एक रुपयाला साधारण 300 डाँग मिळतात त्यामुळे बिलावरची शून्यं बघून घाबरू नका.

या मुलांना फक्त ट्रे धरायला शिकवत नाहीत. कोर्स 24 महिन्यांचा आहे, राहायला जागा, जेवण, औषधपाणी, युनिफॉर्म सगळं संस्थेचं, हातखर्चाला पैसे पण देतात. कोणी किचन शिकतो कोणी सर्व्हिस. सोबत इंग्रजी, आणि जगण्यातल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टी, पैसे कसे साठवायचे, भांडण झालं तर काय करायचं, तब्येत कशी सांभाळायची. शेवटी सर्टिफिकेट मिळतं ते मेलबर्नच्या बॉक्स हिल इन्स्टिट्यूटचं, म्हणजे ते घेऊन मोठ्या हॉटेलात गेलं तरी चालतं. आतापर्यंत हजाराच्या वर मुलं शिकून बाहेर पडलीत, पंचतारांकित हॉटेलांच्या किचनमध्ये आहेत, काहींनी मिळून स्वतःची रेस्टॉरंट काढली.

मला विचाराल तर सगळी किल्ली त्या 24 महिन्यांत आणि राहायच्या जागेत आहे. आपल्याकडे कौशल्य प्रशिक्षणाच्या नावाखाली तीन-तीन महिन्यांचे कोर्स निघतात, सर्टिफिकेट वाटप होतं, फोटो निघतो, आणि तो मुलगा माझ्याकडे कामाला येतो तेव्हा त्याला कांदा धड चिरता येत नाही. यात मुलाचा दोष नाहीये. ज्याच्या घरी रात्री जेवायची खात्री नाही, जो शिकायला आला म्हणून त्या दिवसाची मजुरी बुडते, तो तीन महिने तरी पूर्ण टिकेल कसा? आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि पोटात अन्न, मग हातात सुरी. आणि कसब हातात मुरायला वेळ लागतोच, आमच्याकडचे आचारीकाका म्हणायचे की पहिलं वर्ष मीठ कळायला जातं. कोटोवाल्यांनी हे ओळखलंय आणि म्हणून त्यांचं काम महाग आहे आणि आकडा लहान आहे, वर्षाला दोनदाच नवीन बॅच घेतात. कोणी म्हणेल एवढ्या मोठ्या देशात एवढ्याशा मुलांनी काय होणार. मी म्हणतो अर्धवट शिकवलेली दहा हजार पोरं काढण्यापेक्षा हे बरं, पूर्ण शिकलेला एक मुलगा गावाकडचं अख्खं घर वर काढतो, हे मी माझ्या हॉटेलात बघितलंय.

एक काळजी मात्र वाटते. हे सगळं बरंचसं पर्यटकांच्या जिवावर चालतं. कोरोनात व्हिएतनामने मार्च 2020 ला दारं बंद केली ती पर्यटकांसाठी पूर्ण उघडली 15 मार्च 2022 ला, दोन वर्षं. आमचं हॉटेल तेव्हा पार्सलवर कसंबसं तगलं, ज्यांच्याकडे राहायला मुलं पण होती त्यांचं काय झालं असेल याची कल्पना करू शकतो. म्हणून निव्वळ रेस्टॉरंटच्या गल्ल्यावर असं काम सोडू नये, देणग्या पण लागतातच, ऑस्ट्रेलियात त्यांचं फाउंडेशन आहे ते त्यासाठीच. ज्यांचे नातेवाईक मेलबर्न-सिडनीला आहेत त्यांनी हे जरूर कानावर घाला.

आणि एक विनंती, जाणार असाल तर मुलांना तुझे आईवडील काय करतात, तू रस्त्यावर होतास का असं विचारू नका. आमच्या शेजारच्या टेबलावर एक बाई विचारत होत्या, मायेनेच विचारत होत्या, पण तो मुलगा गप्प झाला. तो तिथे शिकाऊ वेटर म्हणून उभा आहे, त्याला ऑर्डर द्या, चांगलं वाटलं तर काय चांगलं वाटलं ते नेमकं सांगा, म्हणजे चटणी छान होती, किंवा तू नीट समजावून सांगितलंस. आम्ही त्या मुलीला सांगितलं की माशाच्या सॉसचं तू आधी सांगितलंस म्हणून आई निर्धास्त जेवली, तर ती लगेच मागे वळून त्या सीनियर मुलाकडे बघून हसली. कमी-जास्त झालं तर ते पण सांगा, शांतपणे, त्यातूनच ती शिकणार. दया म्हणून पाच स्टार टाकू नका, मी इथे देतोय ते जेवणाला आणि कामाला देतोय. रस्त्यावर लहान पोरं च्युइंगम, पोस्टकार्ड विकायला येतात त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं, पण ते पैसे त्यांना शाळेबाहेरच ठेवतात, तोच पैसा इथे खर्च केलेला चांगला.

जायचं कसं ते सांगतो. ओल्ड क्वार्टरमधून ग्रॅब, म्हणजे आपल्या ओला-उबरसारखी अॅपवरची टॅक्सी, बोलवा, वान मिएउ सांगा, लांब नाहीये. सकाळी आधी मंदिर बघून घ्या, 1070 चं आहे, आत दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख आहेत ज्यांवर जुन्या काळी राजदरबारची परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलीयेत. तुमच्या खिशातल्या एक लाख डाँगच्या नोटेवर याच मंदिराचं चित्र आहे, मुलांना दाखवा. मग भूक लागली की चालत कोटोला. मोठा ग्रुप असेल तर आधी बुकिंग करा, आणि शाकाहारी किती आहेत ते बुकिंग करतानाच कळवा. स्वयंपाकाची आवड असेल तर त्यांचा कुकिंग क्लास पण असतो, आम्हाला वेळ नव्हता, बायको पुढच्या वेळी फक्त त्याच्यासाठी येणार म्हणतेय, रोल कसे इतके घट्ट गुंडाळतात ते तिला शिकायचंय.