सीटाइप्स : फुकटातलं, कामाचं, पण स्ट्रिंगच्या बाबतीत बेरकी

सी-मधल्या तयार लायब्ररीला पायथनमधून हाक मारायची तर सीटाइप्स (ctypes) या पायथन-मॉड्यूलसारखी सोय नाही. पायथन २.५ पासून ते सोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. आकड्यांशी बरं वागतं. स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) आली की मात्र तोंड मिटून चुका करतं.

लायब्ररीतल्या फंक्शनला चार-पॉइंटर (char*, म्हणजे बाइटांच्या स्ट्रिंगचा मेमरीतला पत्ता) हवा आहे आणि तुम्ही आर्गटाइप्स (argtypes, फंक्शनला द्यायच्या गोष्टींचे प्रकार) न सांगता थेट 'नमस्कार' पाठवलंत, तर एरर येत नाही. सीटाइप्स त्याची वाइड-कॅरेक्टर स्ट्रिंग करून देतं. लिनक्सवर त्यात एका अक्षराला ४ बाइट. 'न'चे बाइट २८, ०९, ००, ०० (हेक्समध्ये). सी-च्या लेखी शून्य म्हणजे स्ट्रिंगचा शेवट, त्यामुळे तिसऱ्याच बाइटला शून्य दिसलं की सी थांबतं. लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचं (strlen) उत्तर २, आणि छापून येतो एक उघडा कंस आणि टॅब! बसा शोधत.

उपाय एका ओळीचा: आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी (c_char_p, सीटाइप्सचा चार-पॉइंटर) लिहा आणि स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये एनकोड करून द्या. मग एनकोड विसरलात तर लगेच आर्ग्युमेंट-एरर येते, तीच हवी. 'नमस्कार'चे पायथनच्या लेखी ७ कोडपॉइंट (काना, हलन्त वेगळे मोजून), यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, शेवटचं शून्य धरून २२. बफरचं (स्ट्रिंगसाठी राखलेल्या जागेचं) माप याच हिशेबाने काढा. फंक्शन स्ट्रिंगमध्ये लिहिणार असेल तर बाइट्स देऊच नका, क्रिएट_स्ट्रिंग_बफर वापरा. पायथनचे बाइट्स बदलण्यासाठी नसतात. आणि लायब्ररी पॉइंटर जपून ठेवणार असेल, तर बाइट्स किंवा बफर तुमच्याकडेही व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. नाहीतर पायथन ती जागा मोकळी करतं आणि लायब्ररी कचरा वाचते.

परत येणाऱ्या स्ट्रिंगचं दुखणं वेगळं. रेसटाइप (restype, परत येणाऱ्या उत्तराचा प्रकार) न दिल्यास सीटाइप्स उत्तर इंट (३२-बिट पूर्णांक) धरतं. ६४-बिट मशिनवर अर्धा पत्ता कापला जातो आणि प्रोग्राम कोसळतो, तोही कधीकधीच. रेसटाइप सी_चार_पी दिलं तर बाइट्स मिळतात, पण मूळ पॉइंटर हातचा जातो. ती मेमरी आपणच सोडायची असेल तर रेसटाइप सी_व्हॉइड_पी (c_void_p, नुसता पत्ता) ठेवा, स्ट्रिंग_ॲट ने वाचा, मग त्याच लायब्ररीचं मेमरी सोडणारं फ्री-फंक्शन बोलवा.

चार-पाच फंक्शनांसाठी सीटाइप्स झकास. पंचवीस असतील तर सीएफएफआय (cffi) हे याच कामाचं दुसरं पॅकेज घ्या: पिपने इन्स्टॉल करावं लागतं, पण सी-चं डिक्लेरेशन (फंक्शनचं नाव आणि प्रकार सांगणारी ओळ) जसंच्या तसं चिकटवता येतं आणि चार-पॉइंटरच्या जागी साधी स्ट्रिंग दिली की ते तिथल्या तिथे टाइप-एरर देतं.