पीपी अँटीबॉडी: नऊ महिने वापरल्यावर

जानेवारीत मोपा विमानतळावरून पार्सल आमच्या पणजीजवळच्या लॅबमध्ये पोचलं, तेव्हा आतले जेल पॅक पार वितळले होते. सशात तयार केलेली पॉलिक्लोनल अँटीबॉडी (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण), मानवी पँक्रियाटिक पॉलिपेप्टाइड (पीपी) हे स्वादुपिंडातलं हार्मोन ऊतींच्या कापांवर रंगवून दाखवण्यासाठी, फक्त १०० मायक्रोलिटर. जीव खालीवर झाला. पुढचे तीन आठवडे स्लाइडवर काहीच दिसेना, तेव्हा मी सगळं खापर त्या पार्सलवरच फोडलं.

अँटीबॉडीला ऊतीत जागा मोकळी करून देणारं द्रावण बदललं, सायट्रेट पीएच ६ सोडून ईडीटीए पीएच ९ करून पाहिलं. १:१०० इतकं घट्ट लावलं, तर नुसती पार्श्वभूमीच तपकिरी झाली. तक्रारीची मेल लिहून तयार होती. हिस्टोलॉजीतल्या ताईंनी ब्लॉकचं (मेणात बसवलेल्या स्वादुपिंडाच्या तुकड्याचं) लेबल वाचलं आणि म्हणाल्या, "अगो, हा शेपटीचा ब्लॉक. डोक्याकडचा घे."

हेच खरं कारण. पीपी पेशी स्वादुपिंडात सारख्या पसरलेल्या नसतात. डोक्याच्या मागच्या-खालच्या भागात, अनसिनेट प्रोसेसमध्ये, त्यांची दाटी असते. हा भाग गर्भावस्थेत वेगळ्या, पुढच्या कोंबापासून बनतो. शेपटीकडे क्वचित एखादी पेशी सापडते. नवा ब्लॉक, ४ मायक्रॉनचं सेक्शन, १:८००, रात्रभर ४ अंशांवर. सकाळी डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) टाकलं आणि तिसऱ्या मिनिटाला वेड्यावाकड्या कडांची आयलेट्स (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके) जवळजवळ पूर्ण तपकिरी झाली, केंद्रकं स्वच्छ निळी. मी बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाही.

एक दोष मात्र आहे, आणि तो गंभीर आहे. रेक्टमच्या (गुदाशयाच्या) सेक्शनमध्येही काही पेशी रंगल्या. पीपी, पीवायवाय आणि एनपीवाय ही एकाच घराण्यातली, प्रत्येकी ३६ अमिनो आम्लांची पेप्टाइड्स, आणि रेक्टमच्या एल-पेशींत (हार्मोन बनवणाऱ्या पेशींत) पीवायवाय भरपूर असतं. अँटीबॉडी आधी पीवायवायसोबत मिसळून ठेवली, तर रेक्टमचा रंग गेला, आयलेट्सचा टिकला. पीपीसोबत ठेवल्यावर दोन्हींचा गेला. म्हणजे ती पीवायवायलाही चिकटते. स्वादुपिंडासाठी मी हिच्यावर निर्धास्त विसंबते. आतड्याच्या ट्यूमरवर एकट्या हिच्या भरवशावर 'पीपी पॉझिटिव्ह' लिहिणार नाही. डेटाशीटमध्ये याचा उल्लेख असायलाच हवा होता.

साठवणीचं सांगते. पहिल्याच दिवशी ५-५ मायक्रोलिटरचे भाग केले होते. ५० टक्के ग्लिसरॉल असल्यामुळे उणे २० अंशांवरही ती गोठत नाही. चवथीच्या सुट्टीत करंट गेला, फ्रीझर किती तास बंद होता कोणास ठाऊक, तरी नंतरच्या स्लाइडमध्ये फरक दिसला नाही. पावसाळ्यात सेक्शन्स सुटत होती, पण तो दमटपणाचा त्रास. चार्ज्ड (ऊती घट्ट धरणारी) स्लाइड घेऊन ६० अंशांवर तासभर ठेवल्यावर थांबला.

किंमत ऐकून आमच्या गाइडनी भुवया उंचावल्या होत्या. पण १:८०० ला एका स्लाइडला पाव मायक्रोलिटरसुद्धा लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त नळ्या अजून शिल्लक आहेत. पॉलिक्लोनल असल्यामुळे पुढचा लॉट (उत्पादनाची खेप) असाच निघेल याची खात्री नाही, म्हणून याच लॉटची आणखी एक व्हायल आजच मागवली. नवा लॉट आलाच, तर अनसिनेट आणि रेक्टम, दोन्ही सेक्शन्स शेजारी-शेजारी लावून बघितल्याशिवाय तो हातात धरणार नाही.