संत तुकाराम (1936) : पागनीसांचा आवाज आणि जिजाईची चप्पल

आषाढीला घरी उपास होता, बाहेर जायचं नव्हतं, आणि आजी सकाळपासून मागे लागली होती की तो जुना तुकाराम लाव. मी म्हटलं लावतो पण अर्ध्या तासात तूच झोपशील. झालं उलटंच, ती टक्क जागी आणि मी पहिल्याच अभंगाला मोबाईल उपडा ठेवून बसलो. म्हणून हा रिव्ह्यू, नव्वद वर्षं जुन्या पिक्चरचा रिव्ह्यू लिहिणं जरा येडेपणाच आहे पण असू दे.

प्रभातचा पिक्चर आहे, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल. पुण्यात आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता हे पुणेकर तुम्हाला न विचारता सांगतातच. 1937 ला व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीच्या तीन उत्तम चित्रपटांत याचं नाव आलं आणि मुंबईत सेंट्रल टॉकीजला 57 आठवडे चालला. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, शाळेत जीकेला यायचं. पण गाणं ऐकून घशात काहीतरी अडकेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातच बघा. विष्णुपंत पागनीस बसलेत, समोर विठ्ठल, आणि 'पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी' चालू होतं. बस्स. कॅमेरा पळत नाही, कुणी मध्ये येत नाही, ते हातवारे करत नाहीत, तानबिन तर विसराच. आवाज पण असा काही दणदणीत नाहीये, थोडा हळवा, वरच्या पट्टीतला, आणि शब्द बोलल्यासारखे सुटे येतात. आपल्याला आता सवय काय झालीये की भक्तिगीत म्हटलं की मागे शंभर व्हायोलिनं, कोरस, स्लो मोशनमध्ये उडणारा बुक्का, आणि तरी डोळे कोरडेच. इथे टाळ, एक माणूस आणि खरखर. आणि ते बघताना असं वाटत राहतं की हा आपल्यासाठी गातच नाहीये, आपण दारातून चोरून बघतोय.

पागनीस मूळचे नाटकातले, स्त्री-भूमिका करणारे, त्यामुळे त्यांना तुकाराम म्हणून घ्यायला तेव्हा विरोध झाला होता म्हणे. मला तर वाटतं त्यांची ती नाजूक हालचाल, तो मऊपणाच कामाला आला. रांगडा भारदस्त तुकाराम असता तर तो उपदेश करतोय असं वाटलं असतं, हा मात्र गाताना विरघळतो. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्यावर जो दिसतोय तोच गातोय, आवाज एकाचा न चेहरा दुसऱ्याचा ही भानगड नाही, त्यामुळे श्वास कुठे घेतला ते छातीवर दिसतं. आणि दामले स्वतः प्रभातचं ध्वनिमुद्रण बघायचे, म्हणजे दिग्दर्शकालाच आवाजाचा कान होता, ते जाणवतं.

संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यांनी चाली इतक्या साध्या ठेवल्यात की गावातल्या भजनी मंडळाला दुसऱ्या दिवशी म्हणता याव्यात. 'आधी बीज एकले' तर कित्येकांना तुकोबांचाच अभंग वाटतो, मलाही वाटायचा, आमच्या घरात तर गाथेत शोधून झालाय. तो आहे शांताराम आठवल्यांचा, पिक्चरसाठी लिहिलेला! कवीचं नाव पुसलं जाऊन गाणं लोकांचं होणं म्हणजे काय ते इथे कळतं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, गप रे, तुला काय कळतंय.

याच्या उलट सालोमालो. तुकोबांच्या रचना ढापून स्वतःच्या म्हणून खपवणारा भट, भागवत नावाच्या नटाने काय मस्त केलाय. तो गातो तेव्हा सगळा शो, मान वेळावणं, नखरा, पब्लिककडे एक डोळा. शब्द चोरता येतात पण ते कुठून आले ते चोरता येत नाही, हे पिक्चर एकदाही तोंडाने बोलत नाही, फक्त दोघांना गायला लावतो आणि तुम्ही ऐका. आजचे रिॲलिटी शो बघताना मला आता दर दोन मिनिटांनी सालोमालोच आठवतो.

पण खरं सांगू का, गाणं इतकं लागतं त्याचं कारण फक्त गाणं नाहीये, कारण तुकोबांची बायको जिजाई आहे. गौरी नावाच्या बाईंनी केलीये आणि मला विचाराल तर पिक्चर त्यांचाच आहे. नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय आणि घरात पीठ नाही, पोरं भुकेली, म्हशीचं बघायचं हिने, देणेकऱ्यांना तोंड द्यायचं हिने. पोरगं आजारी पडतं तेव्हा ती चप्पल घेऊन देवळात जाते, थेट विठोबाला दम द्यायला. आजी इथे टाळी वाजवून म्हणाली, बरोबर आहे तिचं! आणि वारी केलेली, माळकरी बाई आहे माझी आजी, हे लक्षात घ्या.

तर ती चप्पल बघितल्यावर पुढचा अभंग येतो तो वेगळाच ऐकू येतो. तोपर्यंत तो नुसता गोड होता, आता त्याची किंमत कोण देतंय ते माहीत असतं. तुकोबा गातायत आणि माझं निम्मं लक्ष चुलीकडे. राग पण येतो त्यांचा, आणि त्याच वेळी डोळ्यात पाणी पण येतं, हे दोन्ही एकदम मला दुसऱ्या कुठल्या संतपटात झालं नाही. शेवटी ते वैकुंठाला निघतात तेव्हा हिलाही चल म्हणतात, पण ही आपल्या पोराबाळांत, संसारात राहते. गरुडाचं विमान वगैरे ट्रिक सीन आज बघून हसू येतं, ठीक आहे, 1936 आहे भावांनो.

खटकलं काय तर चमत्कार जरा जास्त झालेत, शिवाजी महाराजांच्या प्रसंगात तर माझी लिंक तुटली. मधला भाग रेंगाळतो. आणि प्रिंट! मी आधी नेटवर जी कॉपी लावली तिच्यावर कोपऱ्यात भला मोठा लोगो आणि ऐन अभंगात आवाज गायब, शिव्याच आल्या तोंडात एकादशीच्या दिवशी. दुसरी शोधली ती बरी निघाली. टीव्हीचे स्पीकर नकोत, सगळं किरकिर ऐकू येतं, त्यापेक्षा हेडफोन लावा किंवा साधा ब्लूटूथ स्पीकर जवळ ठेवा, आणि बास कमी करा. पहिली पाच मिनिटं खरखर त्रास देते मग कान सरावतो.

स्टार विचाराल तर पिक्चरला चार, पागनीसांच्या पहिल्या अभंगाला पाच, गौरीबाईंना किती द्यायचे ते आजीने ठरवायचं ठरलं होतं. तिला विचारलं तर म्हणाली, आमच्या आईने हा तंबूत बघितला होता, लोक चपला बाहेर काढून आत बसायचे. मी म्हटलं ते ठीक आहे, स्टार किती? तर म्हणते, ते राहू दे, तेवढं ते पहिलं परत लाव, आणि साबुदाणा भिजत घातलाय का बघ.