केळीच्या बागेत भरणारा निसर्गवर्ग : एका पालकाचा अभिप्राय

जळगावात एका दांपत्याने आठ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी रविवारचा निसर्गवर्ग सुरू केला असून माझी मुलगी पावसाळ्यापासून तेथे जात आहे. महिन्याचे चार रविवार, सकाळचे अडीच तास आणि शुल्क 900 रुपये असे त्याचे स्वरूप आहे. वर्ग घेणाऱ्या ताई पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत असत आणि त्यांचे यजमान शेतकरी कुटुंबातले आहेत. अबॅकस, स्केटिंग आणि चित्रकलेचे वर्ग गल्लोगल्ली निघालेल्या शहरात झाडेझुडपे दाखवण्याचे पैसे कोण देणार, असा प्रश्न सुरुवातीला अनेकांनी विचारला होता. तुकडी सध्या भरलेली असते, एवढे उत्तर तूर्तास पुरेसे आहे.

त्यांच्या जाहिरातीत सातपुड्यातील पाल या गावाची सहल, हतनूर धरणावरचे पक्षी आणि तंबूतला मुक्काम ठळकपणे छापलेला असतो. परंतु माझ्या मते या वर्गाचे खरे भांडवल शहराबाहेरची एक साधी केळीची बाग हेच आहे. तेथे ताईंनी एक पिकलेले केळे आडवे कापून मुलांच्या हातात दिले आणि मधल्या बारीक काळपट ठिपक्यांकडे बघायला सांगितले. ते ठिपके म्हणजे बी होता होता राहून गेलेले भाग आहेत, आपण खातो त्या केळ्याला फळ धरण्यासाठी परागीकरण लागत नाही, हे त्यांनी समजावल्यावर एका मुलाने साहजिकच विचारले की बी नाही तर नवे झाड येते कुठून. ताईंनी उत्तर न देता बागेच्या मालकांना, म्हणजे आप्पांना, हाक मारली. आप्पांनी कुदळीने माती बाजूला करून जमिनीतला कंद आणि त्याला फुटलेला पील, म्हणजे नवा कोंब, उघडा करून दाखवला, आणि ज्याला आपण खोड म्हणतो ते पानांच्या देठांचे एकावर एक बसलेले थर आहेत, हे एक कापलेले खोड सोलून सिद्ध केले. पिलापासून आलेले झाड आईसारखेच असते, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली, रोपेही एकसारखीच असतात, मग एकाला रोग लागला तर सगळ्या बागेला लागेल का, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलीने विचारला, तेव्हा आप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बेटा, आम्हाला रात्री झोप येत नाही ती याच्याचमुळे.” ज्या जिल्ह्याची ओळखच केळी आहे, तेथील शहरी मुलांना पील आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतर केलेली केळीची लागवड) हे शब्द माहीत नसावेत, याचे मला वैषम्य वाटत होते, ते या एका सकाळीने बरेच कमी केले.

कापसाच्या शेतातला पाठही चांगला झाला. मादीच्या गंधाचे आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग सगळे नरच कसे, यावरून गुलाबी बोंडअळीचे जीवनचक्र उलगडत नेण्याची ताईंची हातोटी दाद देण्यासारखी आहे.

पालच्या सहलीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण तिचे यश दिसलेल्या प्राण्यांवर अवलंबून नव्हते. जाताना बसमध्ये ताईंनी रानपिंगळ्याची हकिकत सांगितली. 1873 साली शास्त्रीय नोंद झालेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी 1884 नंतर कोणालाच सापडला नाही. पुढे एका इंग्रज अधिकाऱ्याने आपण तो 1914 साली गुजरातेत टिपल्याचा दावा केला आणि तो नमुना जुन्याच संग्रहातून चोरून नव्याने भरलेला असल्याचे उघड झाले. ती खोटी नोंद वगळून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे शोध वळवला गेला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ, भर दिवसा, हा पक्षी पुन्हा दिसला. पालजवळच्या यावल अभयारण्यात फिरताना मुलांना रानपिंगळा दिसला नाही आणि ताईंनी तसे आश्वासनही दिले नव्हते. तरी चुकीच्या नोंदीने भलतीच दिशा कशी दाखवली, यावर परतीच्या वाटेवर मुले वाद घालत होती. आपल्या वहीत तारीख, वेळ आणि जागा अचूक लिहिण्याचा आग्रह त्या दिवसापासून कोणाला जाचक वाटेनासा झाला.

हतनूरची फेरी फसली. धरणातली बदके काठापासून दूर होती, वीस मुलांमागे दुर्बिणी तीन, आणि रांगेत पाळी येईपर्यंत थवा उडून गेलेला. चक्रवाक आणि पट्टकदंब यांची नावे मुलांनी पाठ केली, पण बहुतेकांनी ते फक्त तक्त्यावर पाहिले. दुर्बिणी वाढवणे शक्य नसेल तर निम्मी मुलेच न्यावीत, ही सूचना मी लेखी दिली आहे.

सुरक्षेबाबत तक्रारीस जागा नाही. बंद बुटांशिवाय कोणालाही शेतात उतरू दिले जात नाही, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची ओळख पहिल्याच रविवारी करून दिली जाते, आणि सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे पालकांच्या गटावर आधीच कळवलेले असते. व्यवहाराची बाजू मात्र ढिली आहे. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. ताई आजारी पडल्या तर पाठ रद्द होतो आणि तो रविवार भरून देण्याचा नियम ठरलेला नाही. बागेत मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ती आप्पांच्या घरी चालत जाऊन करावी लागते. एप्रिलमध्येही नऊ वाजता वर्ग भरवण्याचा बेत आहे असे ऐकतो. खान्देशातल्या उन्हात तो साडेसहाला सुरू करून नऊपर्यंत आटोपणेच शहाणपणाचे ठरेल.

धुळे किंवा चाळीसगावला असा वर्ग काढू इच्छिणाऱ्यांनी हा एकदा येऊन पाहावा. लळिंगचे कुरण आणि पाटणादेवीचे जंगल त्यांच्या हाताशी आहेच, पण आधी एखादा आप्पांसारखा बोलका शेतकरी आणि दोन साहाय्यक शिक्षक शोधावेत. तंबू नंतर घेता येतील. 900 रुपयांत मिळणारे शिक्षण मला रास्त वाटते आणि मुलीचे नाव मी पुढच्या सत्रासाठीही घातले आहे. नव्याने नोंदणी करणाऱ्या पालकांनी रद्द झालेल्या पाठाचे काय, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे आणि उत्तर गटावर लिहून मागावे.