काकाडू प्लमची पूड घेताय? आधी तारीख बघा

मेलबर्नला मी घरगुती चटण्या-लोणची करून रविवारच्या बाजारात विकते. काकाडू प्लम पहिल्यांदा चाखलं तेव्हा थेट हिरडाच आठवला. दोन्ही झाडं टर्मिनॅलिया या एकाच वंशातली, हे नंतर कळलं. आंबट, तुरट, क जीवनसत्त्वाने ठासून भरलेलं हे छोटं हिरवट फळ उत्तर ऑस्ट्रेलियाच्या रानात येतं आणि तिथले आदिवासी ते हाताने वेचतात. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागात त्याला गबिंज म्हणतात. आवळ्याच्या चटणीत त्याची पूड घातली तर काय बहार येईल, असं डोक्यात आलं आणि तिथेच फसले.

एका ऑनलाइन दुकानात पाकिटावर लिहिलं होतं, ‘आदिवासींनी वेचलेलं, ब्लॉकचेनवर पडताळलेलं’. भाव इतरांच्या दीडपट. आयटीतल्या नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. तिच्यातली नोंद कुणाला खोडता येत नाही.” बरोबरच आहे ते. पण नोंद करताना तिथे कोण बघत होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दोन खेपांत मिळून चार पाकिटं, २४० डॉलर.

क्यूआर कोड स्कॅन केला की नकाशावर हिरवा ठिपका, ओंजळीतल्या फळांचा फोटो, हातभर लांब आकडे-अक्षरं आणि ‘पडताळणी पूर्ण’ अशी टिकमार्क. मी इतकी हरखले की तोच कोड माझ्या बरण्यांच्या लेबलवर छापून घेतला. याची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते.

मग एका रविवारी एक वयस्कर आदिवासी बाई स्टॉलवर आल्या. बरणी फिरवून लेबल वाचलं आणि विचारलं, “विच मॉब?” म्हणजे कुठल्या लोकांकडचं, कुणाच्या भूमीवरचं. मी फोनवर ते पान उघडून दिलं. तिथे नुसतं ‘पारंपरिक भूमिधारक’. समाजाचं नाव नाही, गावाचं नाही. त्यांनी वाद घातला नाही, फक्त वेचणीच्या तारखेवर बोट ठेवलं: १२ ऑगस्ट. उत्तरेकडे ऑगस्ट म्हणजे कोरडा हंगाम. हे फळ पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच पिकतं, साधारण जानेवारी ते मे. बाईंनी बरणी होती तिथे ठेवली आणि निघून गेल्या.

घरी येऊन चारही पाकिटं काढली. दोन आधी घेतलेली, दोन चार महिन्यांनी. चारही कोडवर तेच पान, तोच फोटो, तीच १२ ऑगस्ट. नवऱ्याने त्या लांबलचक अक्षरांचा माग काढला. नोंद खरोखरच एका सार्वजनिक ब्लॉकचेनवर होती! पण ती होती एका पीडीएफ फाइलच्या ठशाची, म्हणजे त्या फाइलवरून काढलेल्या आकडे-अक्षरांच्या ओळखखुणेची, आणि ती पीडीएफ म्हणजे दुकानदाराचं जाहिरातपत्रक. ब्लॉकचेनने तो ठसा इमानेइतबारे जपला होता. फळ कुणी वेचलं याच्याशी त्या नोंदीचा काही संबंधच नव्हता.

दुकानदाराला लिहिलं. उत्तर आलं, “प्रायव्हसीमुळे वेचणाऱ्यांची नावं देता येत नाहीत.” अहो, मी माणसांची नावं मागितलीच नव्हती, समाजाचं विचारलं होतं. त्यानंतर सगळं चिडीचूप. ग्राहक आयोगाकडे तक्रार टाकली आहे, पैशांची आशा नाही. २०१९ मध्ये इथल्या फेडरल कोर्टाने इंडोनेशियात बनलेली बूमरँग आदिवासींची म्हणून विकणाऱ्या कंपनीला २३ लाख डॉलर दंड सुनावला होता, पण तोवर कंपनीचं दिवाळं वाजलेलं होतं.

जुनी लेबलं खरवडून काढली, ज्यांचे नंबर होते त्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं. आता उत्तरेकडच्या वेचणाऱ्या बायकांच्या एका गटाशी थेट बोलते. पहिल्याच फोनवर त्या म्हणाल्या, “माल संपला. नवीन फळं आली की बघू.” तोपर्यंत चटणी बंद आहे.